कालगुर्लीहून मेलबर्न: पत्नीच्या जागी पाहिलेला प्रबोधनकाळ

हा प्रवास मी मत्सरापोटी केला, हे आरंभीच नमूद करतो. माझी पत्नी मेधा गेल्यानंतर चार महिन्यांनी तिच्या मोबाइलवर संदेश आला: 'ताईंच्या आठवणीसाठी आपला वर्ग कलादालनात भेटतोय.' पाठवणारा शिरीष, मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली या उपनगरात राहणारा आयटीतला गृहस्थ. युरोपच्या प्रबोधनकाळावर तो हौसेने ऑनलाइन वर्ग चालवतो. मेधा दोन वर्षे दर रविवारी त्या वर्गाला बसत असे; शेजारच्या खोलीत मी खाणीचे अहवाल तपासत असे. त्यातले एक अक्षरही तिने मला का सांगितले नाही, हे मला जाणून घ्यायचे होते.

आमच्या कालगुर्ली या खाणींच्या गावाहून पर्थ विमानाने तासाभराचे. मोटारीने जाणाऱ्यांनी अख्खा दिवस धरावा. पुढे मेलबर्न आणखी साडेतीन तास. तिकीट महिनाभर आधी काढावे. मी ऐनवेळी काढले आणि जवळजवळ दुप्पट मोजले. येतो असे शिरीषला कळवले आणि मुक्काम ग्लेन वेव्हर्लीत केला. तेथील डोसा उत्तम, सांबार गोडसर. शहरात ट्रेनने जावे. नदीवरचा पूल पायी ओलांडला की कलादालन. कायमच्या संग्रहाला प्रवेशशुल्क नाही.

"या भावोजी! तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," शिरीष दारातच म्हणाला. त्याच्याबद्दल मी काहीच ऐकलेले नव्हते.

प्रथम माता-बालकाचे एक जुने चित्र पाहिले. मागे सपाट सोनेरी रंग. ना घर, ना आकाश. पुढच्या दालनातील नंतरच्या काळच्या चित्रात मातेमागे खिडकी होती, खिडकीत रस्ता आणि दूरवर लहान होत गेलेली झाडे.

"वर्गात ही चित्रं बघताना ताई म्हणायच्या," शिरीष सांगू लागला, "पहिलं चित्र देव बघतो तसं आहे. हे मात्र एका जागी उभ्या असलेल्या माणसाला दिसतं तसं. त्या माणसाच्या नजरेला किंमत आली, तिथून युरोप बदलायला लागला."

"आणि मी स्क्रीनवर मागे इटलीचं चित्र लावून बसायचे, तर मला म्हणायच्या, नीला, डोकं जरा बाजूला घे, मागची इटली दिसत नाहीये!" वर्गातील एक तरुणी म्हणाली. सगळे खळखळून हसले. मला हसता आले नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला गॅस, औषधे आणि विजेचे बिल यांविषयीची वाक्ये आली. ही वाक्ये या मंडळींना मिळाली होती.

"ती हे माझ्याशी कधीच बोलली नाही," मी म्हणालो. माझा स्वर चढला असावा.

शिरीष गोंधळला. "वर्गांची रेकॉर्डिंग आहेत, भावोजी. पाठवू?"

"पाठवा." आभार मानायचे राहून गेले.

कालगुर्लीला परतल्यावर ती क्रमाने ऐकू लागलो. तिसऱ्यात कोणीतरी विचारले, चित्रातल्या सगळ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू चित्रकार ठरवतो कसा? मेधा उत्साहाने म्हणाली, "थांबा हं, आमच्या घरातच नकाशे काढणारा इंजिनिअर आहे. त्यांना विचारून येते." खुर्ची सरकली. दार उघडले. मग दुरून माझाच आवाज: "आत्ता नको, मेधा. काम चालू आहे."

ती परत येऊन बसली. "ते कामात आहेत," एवढेच म्हणाली.

"नो वरीज, ताई," शिरीष म्हणाला. "मी वाचून येतो, पुढच्या रविवारी सांगतो."

पुढच्या रविवारी त्याने खरोखरच समजावून सांगितले आणि मेधाने त्याचे मनापासून कौतुक केले. त्याच्या स्पष्टीकरणात दोन चुका होत्या. मी अधिक चांगले समजावले असते.