धार बारीक

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. सोनाळ्याच्या बाजूला माझं वावर. माघात आमच्या खळ्यात मी ज्वारी उपणत होतो. तीन पायांच्या उंच तिवईवर मी, आणि खाली बायको खराटा घेऊन. सुपातून दाणा सोडायचा, वाऱ्यानं भुसा उडतो, दाण्यावर जो काडीकचरा पडतो तो खालच्यानं बाजूला सारायचा. पस्तीस वर्षं ती खाली, मी वर.

आभाळ भरून आलं. कडब्याच्या गंजीवर घोंगडं टाकायचं होतं. मी वरूनच ओरडलो, "जाय व लवकर! पाय उचल!" ती पळाली. गंजीजवळच्या बाभळीपाशी पोचली न पोचली तर वीज पडली. मी तिवईवरून खाली फेकल्या गेलो. दोन दिवस कानाला काही ऐकू आलं नाही. ती तर उठलीच नाही.

दुसऱ्या साली ज्वारी पुन्हा खळ्यात आली. बैलांनी मळून झाली, ढीग लागला. मी तिवईच्या दुसऱ्या पायरीवर गेलो आणि पाय असे कापले की खाली उतरून बसलो. चार दिवस हेच. वारं चांगलं वाहत होतं, मी खाली बसून होतो. लेक खामगावला कापसाच्या जिनात कामाला. त्यानं सांगावा धाडला, "वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर देऊन टाका, मी न्यायला येतो." मी ठरवलं, यंदा तिवईवर उभं राहता आलं नाही तर जायचं. माणसाला आपला दाणा उपणता येत नसेल तर त्यानं वावर कशाला ठेवावं?

पाचव्या दिवशी वर चढलो. पण नजर बाभळीकडे. वारं फिरलेलं कळलंच नाही. सारा भुसा माझ्या तोंडावर आणि परत दाण्यात. रस्त्यानं शेजारचा पिंजारी चालला होता, खांद्यावर त्याची पिंजायची कमान. तो हसत उभाच राहिला.

"काऊन भाऊ, यंदा भुसाच खाऊन राह्यला काय?"

"तू आपला कापूस पिंज."

"उतर खाली. मी उपणतो. तुहे पाय पाळण्यावानी हालून राह्यले."

"हालू दे. तुले काय करायचं?"

"मंग मी खाली खराटा मारतो ना बे."

"नाही. तथी कोनी नाही पायजे."

तो कमान टेकवून बांधावर बसला, बराच वेळ बसला, मग निघून गेला. भला माणूस. मी त्याला बसही म्हटलं नाही.

मी सूप भरून पुन्हा चढलो. घाईनं दाणा सोडला की ती खालून ओरडायची, "धार बारीक!" त्या दिवशी ते मीच मोठ्यानं म्हटलं. धार बारीक. सुपाच्या कडेवरच नजर ठेवली. दाणा बारीक पडावा तर हात हळू पाहिजे, आणि हात हळू पाहिजे तर श्वासही हळू घ्यावा लागतो. बाभळीकडे पाहिलं की धार जाड व्हायची. मग पुन्हा सुपाकडे. पाय कापत होते ते कापू दिले, हात तेवढा सांभाळला.

दोन सुपं झाली की खाली उतरायचं, तिचा खराटा घ्यायचा. तिच्या हातानं तो एका अंगानं झिजला होता, माझ्या हातात उलटा चालायचा. कचरा सारायचा की परत वर. जे काम दोघांत दोन दिवसांचं, त्याला मला नऊ दिवस लागले. कितव्या दिवशी पाय कापायचे थांबले ते माहीत नाही. ध्यान तिकडे नव्हतं.

लेक आला तेव्हा पोती शिवून ठेवली होती. "चला," म्हणाला. मी म्हटलं, "एक पोतं घेऊन जाय. मी अथीच राह्यतो." तो रडला. मला काही रडू आलं नाही.

घर रिकामं होतं, ते रिकामंच राहिलं. माघ आला की मी चढतो, उतरतो, एकटाच बोलतो. धार बारीक. येणारेजाणारे हसतात. हसू द्या.

फक्त ती गेली त्या सालापासून मी बैलालाही कधी पाय उचल म्हटलं नाही. तो आपल्या मनानं चालेल तेवढं चालतो.