चोपत्याचा नळ कुणी बंद केला?

मार्चच्या सुरुवातीला बर्फात जायचं ठरवलं, तेव्हा घरून एकच प्रश्न आला, "अन् नळ आला तर भरील कोण?" यंदा लातुरात नळाचा नेम नाही. तोटी उघडीच ठेवायची. हवा फुसफुसली की सगळं घर भांडी घेऊन धावतं. मेव्हण्याला मुक्कामाला बोलावलं, तेव्हा कुठं परवानगी मिळाली.

निघालो तिघं. बनसोडे गुरुजी शिरूर अनंतपाळचे, भूगोलाचे. लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी नोकरीला लागले. शाळेच्या भिंतीवर नव्या जिल्ह्याचा नकाशा त्यांनीच रंगवला आणि उरलेल्या चुन्यात शेजारी हिमालय काढला. "एवढी वर्षं पोरांना बर्फ शिकवत राहिलो, बघितला तो फ्रिजातला," ते म्हणायचे. दोन महिन्यांनी निवृत्ती. त्याआधी एकदा बर्फाच्या शिखरावर उभं राहायचं होतं, आणि गुडघा पुढच्या वर्षीची हमी देत नव्हता. तिसरे शेखभाई, निलंग्यात गाद्या भरतात.

नांदेडहून रेल्वेनं दिल्ली, तिथून बसनं हरिद्वार. पुढं उखीमठची बस पहाटेचीच धरा, दिवस त्यातच जातो. तिथून जीपनं चोपता, चंद्रशिला शिखराच्या पायथ्याचं गाव. बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते तिथंच भाड्यानं मिळतात, घासाघीस करा. चोपत्याच्या वाटेवर पहिला बर्फ दिसताच गुरुजींनी जीप थांबवली, मूठभर उचलून हुंगला.

"वास न्हाई की याला!"

"मास्तर, अत्तर हाय का ते?" शेखभाई म्हणाले.

मुक्काम दिवानसिंगच्या घरी. तोच वाटाड्या. गरम राजमा-भात आणि प्रत्येकी दोन रजया. शेखभाईंनी चिमटीत धरून निकाल दिला, "रुई चांगली, टाके ढिले." जेवताना दिवानसिंगनं बजावलं: पाचला निघायचं. सकाळी बर्फ टणक असतो, ऊन चढलं की माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. साडेदहाला जिथं असू, तिथून माघारी.

पहाटे उठलो, तर अंगणातला नळ कोरडा ठणठणीत. झऱ्यापासून आलेली काळी पाइप काठीसारखी कडक झालेली.

"नल किसने बंद किया?" दिवानसिंगनं विचारलं. थंडीत तिथं नळ बारीक धारेनं चालूच ठेवतात. वाहतं पाणी गोठत नाही.

गुरुजींनी हळूच हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा. "झोपताना. धार चालू दिसली, जीव राहिना."

"माझ्या आधी तुम्ही होय?" शेखभाई म्हणाले. "मी गेलो तर बंदच. तरी तोटी आणखी आवळली."

मी घाईनं कानटोपी चढवली. त्यांच्यानंतर मीही आवळून आलो होतो.

"कहाँ के हो तुम लोग?"

"लातूर."

"पानी नहीं है वहाँ?"

तिघांच्याही माना एकदमच नकारार्थी हलल्या. तो हसत सुटला आणि चुलीवर बर्फाचं पातेलं चढवलं. भरलेलं पातेलं वितळून तळाला तांब्याभर पाणी होतं, हे भूगोलाच्या पुस्तकात नसतं. चहा, बाटल्या आणि पाइप शेकणं यात दोन तास गेले.

वाट निळसर बर्फाची. दाते करकर वाजत होते. गुरुजी दर वळणावर थांबून गुडघ्याची समजूत काढत. वाटेतल्या तुंगनाथच्या, हिवाळ्यात बंद असणाऱ्या देवळापाशी पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. चंद्रशिलेचं टोक समोर, हाक मारली तर ओ देईल इतकं जवळ. पुढं पाय टाकला तो मांडीपर्यंत गेला. दिवानसिंगनं मान हलवली.

गुरुजींनी नकाशावर दाखवावं तसं टोकाकडं बोट केलं. "त्या तोटीनं खाल्लं शिखर," ते म्हणाले. मग बुड टेकून उतारावरून असे घसरले की शेखभाई ओरडले, "अहो मास्तर, पेन्शन बाकी हाय अजून!"

तुम्ही जाणार असाल तर काळा चष्मा न्या, दाते भाड्यानं घ्या, आणि नळाला हात लावू नका.

परतून आठवडा झाला. इकडं ऊन कडाडलंय. काल गुरुजींचा फोन आला. शिरूरला नळ आला, सगळी भांडी भरली आणि सवयीनं हात तोटीकडं गेला. "पण पाच मोजेस्तोवर वाहू दिलं," ते म्हणाले. "शेजारीण ओरडली, 'गुरुजी, पाणी चाललं की!'"

"मग?"

"म्हटलं, गोठू नये म्हणून."