आत्याच्या गाण्यामागे गिटार

मागच्या रविवारी सकाळी आमच्या सेक्टरच्या बुद्ध विहारात बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम झाला. त्यात मी गिटार वाजवली... बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी गाण्यामागे. ते कसं झालं, ते सांगतो.

मी भिलाईच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. वय त्रेचाळीस. बारा वर्षांपासून गिटार वाजवतोय, बहुतेक यूट्यूब बघून. सगळा जोर स्पीडवर... ड्यूटीवरून आलो की ठोके देणारा मेट्रोनोम लावायचा आणि त्याचा वेग रोज थोडा थोडा वाढवत न्यायचा. व्हिडिओ इथे टाकायचो, तुम्ही लाइक करायचात. आपल्याला येतं, असं वाटायचं.

वर्षभरापूर्वी एका सरांकडे जायला लागलो. प्लांटमधूनच रिटायर झालेले, सत्तरीचे, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाथ अच्छा है. कभी किसी गाने वाले के पीछे बजाया?" मी म्हटलं, नाही. "तो अभी पता नहीं, आता है कि नहीं."

राग आला होता, खोटं कशाला बोलू. त्यांनी माझा स्पीड बंद केला आणि बार कॉर्ड दिले. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या... मी इतकी वर्षं नेमकं हेच टाळत आलो होतो. सहा महिने बोट दुखलं आणि तारा नुसत्या थडथड वाजल्या. पण एकदा हा आकार हातात बसला की तोच हात वरखाली सरकवून कुठल्याही पट्टीत जाता येतं.

आता आत्याबद्दल. बाबांची धाकटी बहीण, दुर्गला मोहन नगरात राहते. चाळीस वर्षं तिने भीमगीतं गायली आणि ढोलकीवर कायम बाबा.

गेल्या वर्षी बाबा गेले. दोन महिन्यांनी आत्याचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण जाडसर, आणि एका सुरावर न टिकणारा. एका कार्यक्रमात ती पेटीवर गायला बसली. मध्येच सूर उतरला, पेटी वरच राहिली... ती गाणं सोडून उठून आली. त्यानंतर गायलीच नाही.

विहार बांधून झालं तेव्हा बाबांनी स्वतः एक गाणं लिहिलं होतं. कागद कधीच हरवला. आत्याशिवाय ते कुणालाच पूर्ण येत नाही. स्मृतिदिनाला तेच व्हावं, अशी आईची फार इच्छा होती. म्हणून मी गिटार घेऊन मोहन नगरला गेलो.

"नाई रे बाबू. लोकं हासतीन मले."

"पेटी नाही आत्या. मी वाजवतो."

तयार झाली कशीबशी. आणि मी काय केलं? दोन ओळींच्या मधे जरा जागा मिळाली की तिथे बारा वर्षांची मेहनत ओतली. तिने डोळे उघडले, गाणं थांबवलं. "कावून रे, तू वाजवून राहिला का पळून राहिला?"

सरांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "उनकी साँस देखो." मग तीन रविवार मी तेच केलं. ती कुठे श्वास घेते, खांदा कधी उचलते, कोणत्या शब्दावर रेंगाळते... आणि त्याखाली फक्त एकेक कॉर्ड.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्या कडव्यात एक ओळ आहे, विहारासाठी बायांनी डोक्यावरून विटा वाहिल्या त्याबद्दल. तिथे आत्याचा आवाज हलला. तिने श्वास घेतला आणि पुढचा सूर अर्धा खाली लागला.

माझा हात गिटारवर एक घर, म्हणजे तेवढाच अर्धा सूर, खाली सरकला होता. मी काही ठरवलं नव्हतं. तिसऱ्या कडव्यात ती परत उतरली, मी परत तिच्यासोबत... शेवटच्या ओळीला मागच्या बायाही गायला लागल्या. गाणं पूर्ण झालं. आई पदराने डोळे पुसत होती.

नंतर खीर वाटताना जो तो आत्याला म्हणत होता, काय आवाज लागला बाई! मला एका मामांनी विचारलं, "तुझा माइक बंद होता का रे? गिटार ऐकूच नाई आली." मी हसलो. हात का सरकवला, ते कुणालाच सांगितलं नाही.

सगळे पांगल्यावर आत्या माझ्या शेजारी येऊन बसली. "दोनदा घसरली ना मी?"

मी गिटारच्या तारा पुसत राहिलो.

"पहिल्यांदा वाटलं, गेलं आता... एकटी पडली मी. पाहते तं तू खाली हजरच." मग म्हणाली, "तुझा बाप बी असाच वाजवे. मी चुकली तरी कोनाले समजू नाई द्यायचा."

बारा वर्षांत माझ्या वाजवण्याबद्दल इतकं मोठं कुणी बोललं नव्हतं. आणि मी वाजवले होते फक्त चार कॉर्ड. गिटार येणं म्हणजे काय, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही... पण त्या दिवशी, तेवढ्या सात-आठ मिनिटांसाठी, ती मला आली होती.

बाबांचं गाणं आता वहीत उतरवून घेतलंय. या रविवारी मोहन नगरला जातोय. कार्यक्रम वगैरे काही नाही. आत्याचाच फोन आला होता... "ये, गाऊ."