अण्णानं मागितलेलं गाणं

आमच्या सिनेमातल्या गुप्तहेराला नव्यानं घडवलंय, हे कळलं तेव्हाच मी नाक मुरडलं होतं. पोस्टरवर दाढी वाढलेली, ओठ फुटलेला, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. अहो, हा माणूस आमच्या लहानपणापासून जळत्या गोदामातून बाहेर यायचा आणि बाही झटकून पुढं चालायला लागायचा! त्याला असा रस्त्यावर आणून बसवायची कुणाला एवढी हौस आली होती, देव जाणे. वास्तववाद म्हणे. वास्तव घरी काय कमी असतं म्हणून तिकीट काढून बघायचं?

हे सगळं बडबडायला हक्काचा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा. तो गेला त्याला वर्ष होत आलं होतं.

त्या मालिकेतला एकही सिनेमा आम्ही एकमेकांशिवाय पाहिला नव्हता. तंजावूरला ते तमिळमध्ये यायचे, आणि अण्णा माझ्या कानाशी लागून प्रत्येक वाक्याचं मराठी करायचा. मला तमिळ त्याच्याइतकंच येत होतं, पण त्याला तेवढ्यानं समाधान नव्हतं. "पाहा गे, कोटास एक डाग नाही," असं म्हणून तो मला कोपरानं ढोसायचा. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची. आम्हांला त्यातच मजा होती. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घराघरांत मराठी होती, पण बसमध्ये, बाजारात, ऑफिसात ती कुणाला कळत नसे. त्यामुळे आम्ही दोघं स्वतःला हेरच समजायचो. शेजारच्या प्रवाशाच्या मिशीवर तो शेजारी बसलेला असतानाच चर्चा करायची आणि चेहरा मात्र गंभीर ठेवायचा, हे आम्ही पन्नाशी उलटल्यावरही करत होतो. (मी इथं लिहितेय ती मराठी पुस्तकांतून शिकलेली आहे. अण्णाला देवनागरी वाचता येत नव्हती. त्यानं हे वाचलं असतं तर मला पुण्याची बाई म्हणून चिडवलं असतं.)

अण्णा न्यूमोनियानं गेला. अतिदक्षता विभागात आम्हांला सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ आत सोडायचे. घशातली नळी काढली होती, तरी औषधांच्या गुंगीत तो आम्हांला ओळखत नव्हता. शेवटच्या दुपारी त्याच्याजवळ फक्त नर्स होती. कोवळी मुलगी, बोलायला फार गोड. तिनंच नंतर आम्हांला सांगितलं, की ते सारखं "पाट्टु, पाट्टु" म्हणत होते. पाट्टु म्हणजे तमिळमध्ये गाणं. मग तिनं आपल्या फोनवर एक जुनं गाणं लावून फोन त्यांच्या उशाशी ठेवला, आणि ते हळूहळू शांत झाले.

ते ऐकून आमचा जीव भांड्यात पडला. अण्णाला गाण्याचं वेड कधीच नव्हतं, उलट सिनेमात गाणं सुरू झालं की तो कॉफी प्यायला उठायचा. पण जाताना माणसाला काय आठवेल कुणी सांगावं, अशी आम्ही समजूत घातली. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगितली. गाणं ऐकत गेला, भाग्यवान, असं म्हणून लोक डोळे पुसायचे. ती गोष्ट होती म्हणून मला झोप लागत होती, हे खरं.

तर तो नवा सिनेमा. मी दुपारच्या खेळाला एकटीच गेले. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्यावर पर्स ठेवली नाही. पहिला अर्धा तास मी मनातल्या मनात भांडत होते. नायक धापा टाकतो काय, पळताना पडतो काय! नंतर शत्रूंनी त्याला पकडलं, बडवलं, आणि त्याच्या माणसांनी सोडवून एका कळकट इस्पितळात आणून उताणा टाकला. जुना नायक इथं एखादं खोचक वाक्य बोलला असता आणि थिएटरात शिट्ट्या पडल्या असत्या. हा काही बोललाच नाही. त्याचे ओठ हलत होते. खाटेशेजारच्या माणसानं त्याच्या तोंडाला पाणी लावलं, त्यानं मान फिरवली. परत पाणी लावलं. मग मोठ्या कष्टानं तो म्हणाला, "मुदुगु."

जन्माच्या सवयीनं मी मनात त्याचं आमच्या भाषेत केलं. पाठ.

आणि मी तिथंच गार पडले. पाठ. तमिळ कानाला ठ वेगळा ऐकूच येत नाही, आणि तुटक शब्दाच्या शेवटी तो उकार लावून घेतो. पाठ, पाठ. पाट्टु, पाट्टु. दिवसचे दिवस उताणा पडलेला माझा भाऊ, आयुष्यभर सरकारी कचेरीत अस्खलित तमिळ बोललेला, गुंगीत आईच्या भाषेत सांगत होता की पाठ दुखतेय, आणि त्याला कुणी कुशीवर वळवलं नाही. त्याला गाणं ऐकवलं.

पुढचा सिनेमा मला आठवत नाही. मी ऑटो करून सरळ वहिनीकडे गेले. वहिनी पापनाशमची, तमिळ घरातली. लग्न होऊन आली तेव्हापासून आम्ही तिच्याशी तमिळच बोलायचो, आणि तिच्यापासून काही लपवायचं असलं की तिच्यासमोरच मराठीत. वाटेत मी ठरवलं, की हिला यातलं अक्षरही कळता कामा नये. तिच्यापाशी त्या गाण्याखेरीज दुसरं होतं काय?

ती फुलवाती करत बसली होती. "कसा होता सिनेमा? त्यांना आवडला असता?" तिनं विचारलं.

"छे! नायकाला नुसता मार खाताना दाखवलाय," मी म्हणाले. मला हुंदका आला. हिला कळणार नाही म्हणून मी मराठीतच पुटपुटले, "पाठ रे अण्णा, पाठ."

वहिनीनं हातातली वात खाली ठेवली. मग ती मराठीत बोलली. मी तिच्या तोंडून मराठी पहिल्यांदाच ऐकत होते.

"पाठ म्हणत होते. मज ठाऊक आहे."

"कसं काय?" मी विचारलं.

"त्या पाठीस रोज तेल कोण चोळत होतं?" ती म्हणाली, आणि मग तमिळवर आली. "नर्सनं सांगितलं तेव्हाच कळलं मला. पण तुम्ही सगळे इतके निवांत झालात त्या गाण्यानं. तू तर सगळ्यांना सांगत सुटलीस. मी कसं बोलणार?"

"वहिनी—"

"मी परत गेले होते त्या मुलीकडे, एकटीच. विचारलं, नंतर त्यांना कुशीवर वळवलंस का गं?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, गाणं लावल्यावर ते गप्प झाले ना अम्मा, मग गरजच पडली नाही."