पोराच्या वाट्याच्या गोळ्या

शिवथरच्या खोऱ्यातली ती बाई मला एकदाच भेटली. तिकडची आरोग्यसेविका रजेवर होती, म्हणून तिच्या मलेरियाच्या रुग्णांना बघायला मी गेले होते. बाईला चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या आणि तो सहावा दिवस होता.

"मावशी, आजची गोळी घेतलीत?"

पदराच्या टोकाशी चाळा करत ती हसली. "ताप ग्येला माजा, म्हनून कालपास्नं बंद केल्या. ऱ्हायल्यात त्या पोराला ठेवल्यात. मुंबईला डास लय हायत गो बाय."

खुंटीला पिशवी टांगलेली होती. तिच्यात मुलाला पाठवायचे वाल, नाचणीचं पीठ, सुकट आणि कागदात नीट गुंडाळलेल्या गोळ्या होत्या. घरात जे येईल त्यातला मुलाचा वाटा आधी काढून ठेवते, असं तिनंच सांगितलं.

मी रागावणारच होते, पण त्या कागदाची घडी बघून माझा आवाज खाली आला. "गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की आजार पुरता मरत नाही हो. तो औषधाला सरावतो. मग तेच औषध कुणालाच लागू पडत नाही."

"माज्या पोरालाबी?"

"त्यालाही."

तिनं उठून खुंटीवरची पिशवी खाली काढली. मग ती वाटीभर पेज प्यायली, तिनं कागद उलगडला आणि माझ्यासमोर गोळी तोंडात टाकली. ती घशाखाली उतरेपर्यंत तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मुलाच्या वाट्याचं ती आयुष्यात पहिल्यांदाच खात होती.