बोडी आणि बुडीत

बालाघाट शहरात नोकरीला लागून मला जेमतेम महिना झाला होता... १९७०च्या आसपासची गोष्ट. भरवेली रोडवरच्या एका वस्तीचा पाण्याचा पंप सकाळी बंद पडला आणि जमिनीखालच्या केबलमधला फॉल्ट शोधायला मला पाठवलं.

मी सोलापूरचा, नवा डिप्लोमावाला, अंगात भलतीच मस्ती. त्यात हाती फॉल्ट शोधायचं नवं मशीन. केबलच्या टोकाला एक पेटी जोडायची, ती केबलमध्ये सूर सोडते... आपण कानाला हेडफोन लावायचा आणि हातातली कॉईल जमिनीलगत धरून चालत राहायचं. सूर थांबला की तिथं फॉल्ट.

सोबत डोमाजी होते. केबलचे जॉइंट करणारे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. एका मैदानात सूर एकदम बारीक झाला, तेव्हा मी विचारलं, इथं खाली काय आहे?

"माहा जॉइंट हाये साहेब. बोडीत."

मी ऐकलं, 'बुडीत'. जॉइंट पाण्यात गेला, कामातून गेला, असं माणूस स्वतःच कबूल करतोय म्हटल्यावर आणखी काय हवं? पुढे चालून बघायची तसदीही मी घेतली नाही. तडक मोठ्या साहेबांना जाऊन सांगितलं.

साहेब तापट. जागेवर येऊन त्यांनी डोमाजींना कच्च्या कामाबद्दल झापलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. रोजंदारीवरचा माणूस, तोंडी हुकूम पुरेसा होता. डोमाजी खाली मान घालून ऐकत होते... शेवटी साहेब म्हणाले, तुम्हीच तर बुडीत आहे म्हणालात. तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

"बुडीत नाही साहेब. बोडी म्हटलं मी. लहानसा तलाव होता इथं, मातीनं बुजवला. जॉइंट त्याच्या तळाले हाये."

आमच्याकडे हा शब्दच नाही. केबल खोल होती म्हणून सूर बारीक झाला होता, थांबला नव्हता...

हेडफोन लावून मी पुढे निघालो. मैदान संपलं आणि सूर पुन्हा खणखणीत आला. आणखी साठेक पावलांवर मात्र तो साफ थांबला. तिथं खणलं, तर केबलवर कुणाच्या तरी टिकावाचा घाव होता.

चूक माझी, हे मी साहेबांना तिथंच सांगितलं. डोमाजींचं काम वाचलं, आणि तिथला नवा जॉइंटही त्यांनीच केला. तो करत असताना मी माफी मागितली आणि विचारलं, की आधीच का नाही बोललात?

"तुमच्या मशीननं ऐकलं म्हटल्यावर... मलेच वाटाले लागलं, आपलाच हात चुकला असन."

वीस वर्षं जॉइंट करणारा हात. माझ्या अर्धवट ऐकण्यापायी त्यावरचा त्यांचा स्वतःचाच भरवसा डळमळला होता. याची लाज मला आजही वाटते... डोमाजी, त्या दिवशी तुम्ही मान वर केलीत, हे माझ्यावर उपकारच झाले.