चुलत्याचा नायट्रोजन

शिरोली एमआयडीसीच्या तोंडाला माझ्या चुलत्याचं टायरचं दुकान आहे. दुकानात हवेचे दोन पाइप. काळा साध्या हवेचा, फुकट. हिरवा नायट्रोजनचा, पैसे मोजून. दोन्ही पाइप पत्र्यामागं जाऊन एकाच कॉम्प्रेसरला चिकटतात, हे फक्त चुलत्याला, चुलतीला आणि मला ठाऊक होतं.

या धंद्याला थोडं माझं शिक्षणही लागलेलं आहे. बारावीत असताना मीच त्याला सांगितलं होतं की, आपण ओढतो त्या हवेत शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो. एकवीस भाग ऑक्सिजन, आणि उरलेल्या एकात आरगॉन, कार्बन डायऑक्साइड वगैरे किरकोळ मंडळी. चुलत्यानं विडीचा एक झुरका त्या माहितीवर खर्च केला.

"म्हंजे शंभरातलं अठ्ठ्याहत्तर खरंच हाय की," तो म्हणाला. "एवढा खवा पेढ्यात तरी असतोय काय?"

दुसऱ्या दिवशी हिरवा पाइप लागला.

गिऱ्हाईकाला तो ऑक्सिजनची भीती घालायचा. ऑक्सिजन रबर खातोय, लोखंड गंजवतोय, पावणं, त्यो विष हाय विष. यातलं निम्मं खरं असायचं, हीच त्याची कला. एका ट्रकवाल्यानं ऐकता ऐकता तोंडावर रुमाल बांधला. एक जण तर पोराच्या फुटबॉलात नायट्रोजन भरून घेऊन गेला आणि पोरगं जिल्ह्याच्या संघात गेलं म्हणून नारळ घेऊन परत आला.

हा झाला दुकानातला चुलता. घरातला वेगळा. आमटीत मीठ कमी पडलं की ताट थेट अंगणात. चुलतीच्या हातचं खाऊन त्या गल्लीतली कुत्री पैलवान झाली होती, आणि चुलती काडी.

मग त्याची फुफ्फुसं गेली. विड्याच तेवढ्या ओढलेल्या. एमआयडीसीतल्या फौंड्रीची धुराडी त्याला भाऊबंद समजत असावीत. डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजन लावा, दिवसरात्र. दुकानामागच्या खोलीत मशीन आलं. चुलत्याची एकच अट, गिऱ्हाईकाला कळता कामा नये. ज्याला उभा जन्म विष म्हटलं तेच नळीनं नाकात चाललंय, हे बाहेर फुटलं तर हिरवा पाइप वाळलाच म्हणायचा. म्हणून दार बंद, त्यावर पडदा, वर रेडिओ मोठ्यानं.

मशीन काय करतं ते मी चुलतीला समजावलं. खोलीतली हवा ओढतं, तिच्यातला नायट्रोजन अडवतं, ऑक्सिजन नाकाकडं पाठवतं आणि अडवलेला नायट्रोजन मागच्या बाजूनं सोडून देतं.

चुलती पदरात हसली. "म्हंजे ह्यांचा माल भाईर फेकतंय व्हय हे?"

तेव्हापासून ती रोज मशीनच्या मागं हात धरायची आणि किती वाया चाललाय म्हणून हळहळायची. एखादी ट्यूब लावू का, विचारायची. चुलता चिडायचा. चिडलं की दम लागायचा. सकाळी सुरू केलेली शिवी पुरी व्हायला दिवेलागण व्हायची, तोवर कुणाला द्यायची ते तो विसरलेला असायचा.

खरं बघितलं तर त्याला हवा कमी नव्हती, खोलीभर होती. पण नायट्रोजन छातीत जातो आणि तसाच बाहेर येतो, जेवून आहेर न करता गेलेल्या पावण्यासारखा. पोटातली भाकरी अंगात जाळायला त्या एकविसातलाच वाटा लागतो. आणि नायट्रोजनलाही नावं ठेवू नयेत. तो नसता, नुसता ऑक्सिजन असता, तर चुलत्याच्या पहिल्याच विडीला रंकाळ्यापासून जोतिबापर्यंत सगळं पेटलं असतं, रंकाळ्याच्या पाण्यासकट.

एका भर दुपारी लाईट गेली. मशीन ओरडलं आणि बंद पडलं. जादा सिलिंडर होता, पण मागच्या खोलीत मांजर फिरायला जागा नव्हती, म्हणून तो दुकानात टायरांमागं पोतं टाकून उभा केलेला. दुकानात एक नवी कोरी गाडी उभी, आणि चुलता आत पडल्यापासून दुकान बघणाऱ्या चुलतीच्या हातात हिरवा पाइप. आतून चुलता भिंत बडवू लागला. मी सिलिंडर ओढायला धावलो, तर तिनं माझं मनगट धरलं.

"थांब. चाक भरूंदे."

कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा शिल्लक होती, चाक भरलं. मग दुसरं भरलं. मी सिलिंडर आत नेतो म्हणालो. ती म्हणाली, उंबऱ्यावरनं जायचा न्हाय त्यो, त्यांस्नीच हिकडं यिऊ दे.

पडदा हलला आणि चुलता आला, गुडघ्यांवर आणि हातांवर. ओठ जांभळासारखे. ऑइलनं काळ्या झालेल्या फरशीवरून, नव्या गाडीच्या पुढून, गिऱ्हाईकाच्या बुटांजवळून तो सिलिंडरपाशी पोचला. मी चावी फिरवली, मास्क लावला.

गिऱ्हाईक वाकून बघत होतं. "काय वो मावशी, ह्यो ऑक्सिजनच न्हवं? हेच मला मागं म्हणालते की, विष हाय म्हणून."

चुलत्यानं चुलतीकडं बघितलं आणि हात जोडले. देवापुढंही कधी इतके जवळ न आलेले हात.

"व्हय की," चुलती गिऱ्हाईकाला म्हणाली. "त्येचंच झालंय हे. जन्मभर फुकटची हवा ओढली, तिनं आतनं खाल्लं. आता दारूगत, तिच्याबिगर भागत न्हाय. माणसाचं हे हाल, मग टायरचं काय हुईल बघा."

गिऱ्हाईकानं स्टेपनीसुद्धा रिकामी करून परत भरून घेतली.

आता मशीन दुकानात असतं आणि चुलता त्याच्याशेजारी खुर्चीत, रस्त्यावरून दिसेल असा. चुलतीनं त्याला पांढरा सदरा घातलाय, नळी उठून दिसावी म्हणून. ती बोट दाखवते, लोक हळहळतात, हिरव्या पाइपाला रांग लागते. मधूनच चुलत्याला ते सहन होत नाही. तो काही सांगायला तोंड उघडतो, तिचं बोट मशीनच्या बटणावर जातं, तोंड मिटतं. मग तो नुसताच हात वर करून हलवतो, नाही, नाही. लोकांना वाटतं, म्हातारा आशीर्वाद देतोय, आणि ते वाकून त्याच्या पाया पडतात.